शिष्यवृत्ती घ्या, नोकरीचं नंतर बघू

पुठ्ठ्याचा भलामोठा चेक, मागे फ्लेक्स, मधोमध सीईओ, कडेला अवघडलेली मुलं. कॉर्पोरेट शिष्यवृत्तीचा सोहळा! मुलांपेक्षा चेक मोठा का, हे विचारायचं नसतं.

कंपन्या म्हणतात, आम्हाला ऑफिसात सगळ्या समाजांतली माणसं हवीत. छान. मग नोकऱ्या द्या ना!

तिथेच तर गोम आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने बड्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजासाठी खर्च करायला लावले. कायद्याने मान्य केलेल्या खर्चाच्या यादीत शिक्षण बसतं. कर्मचाऱ्यांचा पगार बसत नाही.

२००६ साली खासगी क्षेत्रातल्या आरक्षणाचा विषय निघाला आणि उद्योगसंघटना खडबडून जाग्या झाल्या. सक्ती नको, आम्ही स्वेच्छेने करतो! स्वेच्छेने काय? शिष्यवृत्त्या, कोचिंग, प्रशिक्षण.

म्हणजे सुधारायचं कुणी? मुलांनी.

पुढच्याच वर्षी संशोधक सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना अर्ज धाडले होते. पात्रता तीच, नावं तेवढी वेगळी. दलित आडनावाला बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली, मुस्लीम नावाला त्याहून कमी.

आता आडनावाला कुठलं कोचिंग लावणार?

अर्जातून निभावलं, तर मुलाखतीत ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारतात. वडील काय करतात? शिष्यवृत्तीवर शिकलेल्या मुलाने यावर काय सांगायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

दुखणं जुनंच आहे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. अट दहा वर्षं बडोद्याच्या चाकरीची. १९१७ मध्ये ते रुजू झाले, तर शिपाई फायली लांबून फेकत आणि शहरात राहायला जागा मिळेना. थोड्याच दिवसांत ते मुंबईला परतले.

महाराजांची दानत पक्की होती. कचेरी मात्र होती तशीच राहिली.

तेव्हा सीईओसाहेब, शिष्यवृत्त्या जरूर द्या. फक्त वार्षिक अहवालात दोन आकडे छापा: शिष्यवृत्ती दिलेल्यांपैकी किती जण तुमच्याकडे नोकरीला लागले, आणि त्यांतले किती बढती घेऊन वर गेले?

फोटो नसला तरी चालेल.