बांधाची लढाई

हॅमिल्टन, न्यूझीलंड
27 एप्रिल 2020

ती. आबा आणि ती. आईस,


पत्रास कारण की आबा फोनवर बोलत नाहीत. ‘हं’, ‘बरं’ आणि ‘ठेव आता, पैसे जायलेत’ एवढ्यात तुमचं संपतं. व्हॉट्सॲपला पैसे पडत नाहीत हे सांगून सांगून माझे केस पांढरे झाले. इथून तिकडे टपाल सध्या जात नाही, म्हणून हाताने लिहून पानांचे फोटो पाठवते आहे. दादाने वाचून दाखवावं आणि पदरचं काही घालू नये.

आम्ही सगळे ठीक. महिना झाला, टाळेबंदीमुळे घरात कोंडून आहोत. इथे एका घरातल्या माणसांना ‘बबल’ म्हणतात, म्हणजे बुडबुडा. एका बुडबुड्याने दुसऱ्याला टेकायचं नाही. आमच्या बुडबुड्यात जेवायच्या टेबलाच्या एका टोकाला तुमचे जावई ऑफिसशी भांडतात, दुसऱ्या टोकाला तुमच्या नातवाची, सोन्याची शाळा भरते आणि मधे मी कणीक मळते. दुकानातला मैदा महिनाभर गायब आहे. गोरी माणसं घरी पाव भाजायला लागली आणि आपल्या पोळ्यांवर संक्रांत आली. आट्याची एक पिशवी मी सोन्यासारखी जपून ठेवली आहे.

तर सोन्याला घरचा अभ्यास आला तो ‘अँझॅक’चा. अँझॅक म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या फौजा. त्या 25 एप्रिल 1915 ला पहाटेपासून तुर्कस्तानात गॅलिपोलीला उतरल्या. काही महिने झुंजल्या आणि हात हलवत परत आल्या. न्यूझीलंडचे 2,779 जण तिथे कामी आले. हरलेली लढाई आहे ही, पण देशातला सगळ्यात मोठा स्मरणाचा दिवस तिचाच. मला काही नवल वाटलं नाही. पानिपत ज्यांच्या बोलण्यात अजून रोज येतं, त्यांनी काय नवल करायचं?

अभ्यासात पहिलं काम होतं लाल पॉपीचं फूल रंगवून खिडकीत लावायचं. आईने व्हिडिओवर विचारलं, “कशाचं फूल म्हणायचं हे?” जावईबापूंनी जरा जास्तच शिक्षण घेतलंय. ते म्हणाले, “अफूचं.” पुढचा अर्धा तास आई माझ्याशी बोलली नाही. आई, नातू अफू लावत नाही. ही शेतात गव्हाबरोबर उगवणारी जात आहे, फ्रान्स-बेल्जियमच्या रणभूमीवर फुलायची, तिच्यातून अफू निघत नाही. खसखशीची लांबची बहीण म्हण. आणि एक गंमत सांगते. बाकीच्या बहुतेक देशांत ही फुलं नोव्हेंबरात लावतात, इथे एप्रिलात. कारण काय, तर 1921 साली फ्रान्सहून कापडी फुलं घेऊन निघालेलं जहाज उशिरा पोचलं. नोव्हेंबर हुकला. मग 1922 च्या एप्रिलात, अँझॅकच्या आदल्या दिवशी, फुलं विकली आणि तीच रीत पडली. आपल्या एसटीने अशा किती रीती पाडल्या असत्या, कुणी मोजल्या नाहीत एवढंच.

मग आला तक्ता. ‘तुमचा डोंगर कोणता? नदी कोणती?’ इथला मूळचा माओरी माणूस आपली ओळख सांगताना आधी डोंगर सांगतो, मग नदी, मग कुळ, आणि शेवटी स्वतःचं नाव. जावईबापू सोलापूरचे. भर गावात डोंगर कुठून आणणार? सिद्धेश्वराचा तलाव देऊन पाहिला, चालला नाही. शेवटी आजोळाला कौल मिळाला. डोंगर बालाघाट, नदी तेरणा. तेरणा आपल्याच अंगाला उगम पावते हे कळल्यावर पोरगं असं काही फुगलं, जणू उगम त्यानेच खणला.

पुढचा रकाना : ‘तुमचं गाव कशासाठी प्रसिद्ध आहे?’ सोन्याने आम्हाला न विचारता लिहिलं, ‘आमचं गाव बॉम्ब बनवतं.’ खाली वात पेटलेल्या सुतळी बॉम्बचं चित्र, झकास रंगवलेलं. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. आवाज फार मऊ होता, म्हणजे प्रकरण गंभीर. मी त्यांना दिवाळी सांगितली, लवंगी माळ सांगितली, भुईचक्र सांगितलं, आपल्या तेरखेड्यातल्या किती घरांची चूल शोभेच्या दारूवर पेटते तेही सांगितलं. या देशात वर्षातून फक्त चार दिवस फटाके विकता येतात, 2 ते 5 नोव्हेंबर. बाईंना वर्षभर फटाके करणारं गाव ही कल्पनाच झेपेना. कारखान्यात कधी काय होतं आणि सायरन ऐकून बाया रस्त्यावर कशा धावतात, ते मात्र मी सांगितलं नाही.

आणि मग तो प्रश्न : ‘तुमच्या घरातलं कोणी युद्धावर गेलं होतं का? आजोबांना विचारा.’

आबा, तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही म्हणालात, “लढाई? चालूच हाय की. बहात्तरच्या दुष्काळापासून. खालच्या वावराचा बांध.” आणि फोन ठेवलात, कारण पैसे जायले होते. सोन्याने इमानेइतबारे तक्ता भरला. युद्धाचं नाव : बांधाची लढाई. सुरुवात : 1972. शेवट : अजून नाही. शत्रू : चुलत आजोबा. शस्त्र : नांगर, दरवर्षी एक तास बांध कोरतात. बाईंचा शेरा आला, ‘फारच रंजक! हे कोणत्या देशाविरुद्ध?’

मी कपाळाला हात लावला. पण खरं सांगू का, देण्यासारखं दुसरं होतं काय? साताऱ्याकडे अपशिंग्यासारखं गाव आहे, पहिल्या महायुद्धात तिथले 46 जण कामी आले आणि ते दगडावर कोरलेलं आहे. आपल्याकडे निजामाचं राज्य. आपली लढाई म्हणजे रझाकारांची रात्र आणि 17 सप्टेंबर 1948 चा मुक्तीचा दिवस. पणजोबांनी ज्वारीची पोती पेवात लपवली, ही आपल्या घरातली सगळ्यात मोठी लष्करी मोहीम.

आमच्या कुंपणापलीकडे एक माओरी आजी राहतात, पंचाहत्तरीच्या पुढच्या. आम्ही त्यांना नॅनी म्हणतो. बुडबुडा सांभाळून, दोन मीटर लांबून, आम्ही रोज गप्पा मारतो. सोन्याने त्यांना बांधाची लढाई वाचून दाखवली. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, “जमिनीची आहे ना? मग खरीच लढाई आहे.”

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते असं. आम्ही राहतो तो वायकाटोचा मुलूख. 1863 साली इंग्रजांच्या फौजेने त्यावर चढाई केली आणि पुढे लोकांना बंडखोर ठरवून 12 लाख एकर जमीन जप्त केली. पन्नास वर्षांनी त्याच सरकारला महायुद्धासाठी माणसं हवी होती. 1917 ला सक्तीची भरती माओरींना लागू केली, आणि तीसुद्धा मुख्यतः याच भागातल्या. तेव्हा ते पुएआ नावाची त्यांच्या राजघराण्यातली बाई आडवी उभी राहिली. आधी आमची जमीन, मग तुमची लढाई. पोलीस आले, पोरांना उचलून नेलं, तुरुंगात घातलं. पण युद्ध संपेपर्यंत त्यातल्या एकालाही समुद्रापार पाठवता आलं नाही. चुकलं म्हणून राणीच्या सहीने माफी यायला 1995 उजाडलं. नॅनीच्या आईकडची माणसं ही. आबा, 132 वर्षं! तुमची अठ्ठेचाळीसच झालीत, धीर धरा.

वडिलांकडची माणसं मात्र पूर्व किनाऱ्याची, ती दुसऱ्या महायुद्धात आपखुशीने गेली. तिथल्या आपिराना न्गाटा या पुढाऱ्याचं म्हणणं होतं, बरोबरीचे नागरिक व्हायचं तर त्याची किंमत मोजावी लागेल. 28 वी माओरी बटालियन 1940 साली उभी राहिली. तुकड्या पाडल्या त्या भावकीप्रमाणे, मुलखाप्रमाणे, आणि प्रत्येकीला टोपणनाव. उत्तरेकडचे ‘डिंक खणणारे’. नॅनीच्या काकांची पूर्वेकडची ‘काउबॉय’, घोड्यावर बसणारी. रोटोरुआकडचे ‘पैशाला बुडी मारणारे’, कारण तिथली पोरं प्रवाशांनी पाण्यात टाकलेली नाणी बुडी मारून काढायची. हे ऐकून मी उडालेच. चंद्रभागेत आपण टाकलेली नाणी काढायला उड्या मारणारी पोरं काय वेगळी आहेत? आणि उरलेसुरले सगळे एका तुकडीत, त्यांचं नाव ‘भटके’. जवळपास 3,600 माणसं गेली, 649 परतली नाहीत.

नॅनीचे काका परतले. पण इटलीतल्या एका नदीबद्दल कधी बोलले नाहीत, फक्त तिचं नाव सांगायचे. सेनियो.

आता जावईबापूंना इतिहासाची खोड. ते म्हणाले, “थांबा, सेनियो आपलीपण आहे.” आणि निघालं की! 9 एप्रिल 1945. सेनियोला दोन्ही काठांनी उंच बांध, बांधात जर्मनांच्या मशीनगनी, पायाखाली सुरुंग. त्या संध्याकाळी एका बाजूने न्यूझीलंडची दुसरी डिव्हिजन नदी ओलांडत होती, तिच्यात माओरी बटालियन. शेजारी आठवी भारतीय डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. त्या बटालियनमध्ये होता संगमनेर तालुक्यातल्या निमजचा नामदेव जाधव. वय 23, कंपनी कमांडरचा निरोप्या. कमांडरसह काही जण जखमी झाले. याने दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांतून अलीकडे आणून सोडलं. मग एकटा परत गेला. मशीनगनचा एक मोर्चा बंदुकीने गप्प केला. हाताला गोळी लागून बंदूक धरता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकून आणखी दोन गप्प केले. आणि शेवटी त्या बांधावर उभा राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्यांना हात करून बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रायगडातल्या माणगावच्या यशवंत घाडगेंना तो आदल्या वर्षीच्या, 10 जुलै 1944 च्या, इटलीतल्याच लढाईसाठी मिळाला होता, पण मरणोत्तर; ते स्वतः त्याच लढाईत पडले.

नॅनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हणजे काका काहीतरी ओरडणं ऐकू यायचं म्हणायचे, ते आमचं का तुमचं?” आता हे कोण सांगणार? पण सोन्याने तक्त्यात लगेच भर घातली, ‘दुसरी बांधाची लढाई : सेनियो’. तेव्हापासून घरात एकाआड एक माओरींचा ‘हाका’ नाच आणि ‘शिवाजी महाराज की जय’ चालू आहे. जीभ बाहेर, डोळे वटारलेले, मांड्या थोपटणं. आईने परवा पाहिलं आणि हात जोडले, “येडाईचं वारं आलं का गं लेकराच्या अंगात?” नाही गं. यंदा येरमाळ्याची चैत्री यात्रा बंद राहिली, चुन्याचे खडे वेचायला कोणी गेलं नाही, म्हणून देवी रुसून इकडे आली असं काही नाही. याला हाका म्हणतात, आणि तो शाळेतच शिकवतात.

दरवर्षी 25 तारखेला पहाटे हजारो माणसं स्मारकापाशी जमतात. यंदा जमायला बंदी, म्हणून सहा वाजता जो तो आपापल्या फाटकाशी उभा राहिला. पंतप्रधान बाईसुद्धा त्यांच्या घराच्या फाटकाशी. तुम्ही मार्चमध्ये थाळ्या वाजवल्यात. इथे कुणी चकार शब्द काढला नाही. अंधारात रांगेने मेणबत्त्या, थंडी अशी की जावईबापू आबांची घोंगडी पांघरून उभे. रेडिओवर बिगूल वाजला, मग शांतता. आणि त्या शांततेत आमच्या स्वयंपाकघरातून कुकरने शिट्टी दिली. सवयीने साडेपाचलाच चढवला होता, काय करू! एक दिली. दुसरी दिली. तिसरीच्या आत मी अनवाणी धावले. तेरखेड्याच्या माणसाला शांतता मानवत नाही, हे आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. नॅनी सकाळी म्हणाल्या, “बिगुलापेक्षा तुमची शिट्टी जास्त सुरात होती.”

बदल्यात त्यांनी कुंपणावर अँझॅक बिस्किटं ठेवली. आई, अंडं नाही त्यात. ओट, खोबरं, लोणी आणि काकवीसारखा पाक. धपाट्यासारखं टिकाऊ, फक्त गोड.

काल आखिती झाली. आंबा डब्यातला, पण पुरण खरं. मातीची घागर कुठून आणू? काचेच्या भांड्यात पाणी भरलं आणि पितरांना ताट वाढलं. सोन्याने बाजूला आणखी एक लहान पान मांडलं. कुणाचं म्हणून विचारलं, तर म्हणाला, “सेनियोवाल्यांचं. दोन्हीकडच्यांचं.” त्यावर त्याने एक पुरणपोळी आणि एक अँझॅक बिस्कीट ठेवलं. शास्त्रात बसतं का ते आबांनी कळवावं. नाही बसलं तर कळवू नका.

आज रात्रीपासून टाळेबंदी जरा सैल होणार आहे. आबा, तिकडेही सैल झाली की एक काम करा. तेरखेड्यातून आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून आजवर फौजेत कोण कोण गेलं, ती नावं ग्रामपंचायतीत बसून लिहून काढा. जुनी माणसं तुमचं ऐकतात. कोणाचं राज्य होतं, कोणाच्या फौजेत गेला, ते नंतर बघू. आधी नावं. चुलत आजोबांनाही विचारा. त्यांच्याकडच्या एक-दोन जणांबद्दल मी लहानपणी ऐकलं होतं, आणि त्यांच्या ओट्यावर तुम्ही पाय ठेवत नाही हे मला ठाऊक आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.
तुमची,
ताई

ता. क. : बांधावरच्या बाभळीचा एक फोटो दादाने पाठवावा. सोन्याच्या तक्त्यात ‘रणभूमीचं छायाचित्र’ हा रकाना अजून रिकामा आहे.