तेरा नगांचा विश्लेषक

माझ्याकडे शेअर आहेत तेरा. तेरा कंपन्यांचे नव्हेत, एकूण नग तेरा. त्यातले चार बोनसमध्ये फुकट आलेले. एवढ्या इस्टेटीवर लक्ष ठेवायला पेपरचं आतलं पान आणि पेन्सिल पुरते. पण पेन्सिलवाल्याबद्दल लोक ‘शेअरबिअर घेतो’ एवढंच म्हणतात. सॉफ्टवेअरवाल्याबद्दल मात्र ‘मार्केटचं अ‍ॅनालिसिस करतो’ असं आवाज खाली आणून म्हणतात. मला दुसरं वाक्य हवं होतं. शक्यतो व्याह्यांच्या देखत.

तेव्हा सॉफ्टवेअर निवडणं आलं.

एक्सेल आधीच बाद. ते सोसायटीचा सेक्रेटरीही वापरतो. शिवाय त्यात ओळी १०,४८,५७६. बाजार सव्वानऊ ते साडेतीन, म्हणजे रोजची ३७५ मिनिटं. मिनिटामिनिटाचे भाव भरले तर एकाच कंपनीची अकराएक वर्षं बसतात आणि पान संपतं. मला मिनिटाचे भाव कशाला हवेत, हा प्रश्न बायकोने विचारला होता. विश्लेषकाने घरगुती प्रश्नांकडे लक्ष द्यायचं नसतं.

मॅटलॅब भारदस्त. क्लीव्ह मोलर या गणिताच्या प्राध्यापकांनी ते लिहिलं, विद्यार्थ्यांना फोरट्रान न शिकता मॅट्रिक्सची गणितं करता यावीत म्हणून. १९८४पासून ते विकत मिळतं. पण खानावळीत थाळी वेगळी, पापड वेगळा, तूप वेगळं, तसं मूळ पॅकेज वेगळं, संख्याशास्त्राचा टूलबॉक्स वेगळा, फायनान्सचा आणखी वेगळा. बेरीज मारली तेव्हा दिसलं, की विश्लेषणाचा खर्च विश्लेषण करायच्या मालमत्तेला मागे टाकून पुढे गेलाय.

मग आर. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांची करणी, आणि फुकट. त्याची १.० आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २००० रोजी. ही तारीख वाचली आणि माझी निवडप्रक्रिया जी थांबली ती थांबलीच, कारण मला २९ फेब्रुवारी १९०० आठवली.

हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. एक्सेलच्या चौकटीत ६० लिहा आणि ‘तारीख दाखव’ म्हणा. ते २९ फेब्रुवारी १९०० दाखवतं. असा दिवस कधी उगवलाच नाही! शंभराने भाग जाणारं वर्ष लीप धरायचं तर चारशेनेही भाग जावा लागतो. २००० ला जातो, १९०० ला जात नाही. ही चूक आधी लोटस १-२-३ या जुन्या सॉफ्टवेअरची. त्यातल्या फायली आपल्याकडे बिनबोभाट उघडाव्यात म्हणून एक्सेलने ती जाणूनबुजून दत्तक घेतली आणि आजतागायत सांभाळली. घराण्याची चूक चालवण्यात आपण एकटेच नाही, या विचाराने मला फार बरं वाटलं.

गंमत पुढेच आहे. २९ फेब्रुवारी १९०० झाली नाही, पण २९ मार्च १९०० झाली, आणि त्या दिवशी पॅरिसमध्ये लुई बाशेलिये या तरुणाने सट्ट्याच्या गणितावरचा आपला प्रबंध परीक्षकांपुढे मांडला. रोख्यांचे भाव कसे भरकटतात याचं गणित त्याने केलं, तेही आइन्स्टाइनने परागकणांच्या भरकटण्याचं गणित मांडलं त्याच्या पाच वर्षं आधी. कागदावर, हाताने. आणि त्याच्या मांडणीचा पायाच असा, की सट्टेबाजाच्या नफ्याची गणिती अपेक्षा शून्य. लायसन न घेता माणूस इथवर पोचला होता. मी अजून इन्स्टॉलच करत होतो.

शेवटी भाच्याने निकाल लावला. “मामा, पायथन घे. सगळे तेच वापरतात.” त्यातली पांडाज ही लायब्ररी वेस मॅकिनीने २००८च्या सुमारास एका हेज फंडात नोकरी करताना लिहायला घेतली. हेज फंड! हा शब्द व्याह्यांपुढे कसा टाकायचा याची मी दोन दिवस तालीम केली.

भाचा मात्र त्यानंतर एका संध्याकाळी वेगळ्याच चेहऱ्याने आला. “आईला सांगू नकोस,” म्हणाला आणि लॅपटॉपवर कॉन्ट्रॅक्ट नोटांचा ढीग ओतला. ऑप्शन्स. दर आठवड्याची एक्स्पायरी. सेबीने २०२४ साली प्रसिद्ध केलं होतं, की तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले, माणशी सरासरी दोनेक लाख. हा आकडा मी चारचौघांत ऐटीत सांगत असे. तो सोफ्यावर नखं खात बसेल असं वाटलं नव्हतं.

त्याने कुणाच्या तरी क्लासला पैसे भरले होते. तिथला आलेख सरळ आभाळात जाणारा. मला खरा संताप आला तो त्या आलेखाचा. आजच्या निफ्टीतल्या पन्नास कंपन्या घ्यायच्या आणि मागच्या वीस वर्षांवर बॅकटेस्ट करायची! त्यात सत्यम कशी दिसेल? ती जानेवारी २००९मध्येच यादीतून गेली. मेलेल्यांना वगळून काढलेलं सरासरी आयुष्य दाखवायचं आणि पंचविशीच्या पोरांकडून फी घ्यायची. हे करणाऱ्याला पायथन येत असतं, हे विशेष.

आम्ही सगळ्या नोटा पांडाजमध्ये भरल्या. माझ्या विश्लेषक आयुष्यातला हा पहिला खरा डेटा. नफ्यातोट्याच्या ओळी खालीवर होत होत्या. ब्रोकरेज, एसटीटी, एक्स्चेंजचे चार्जेस, जीएसटी, स्टॅम्प ड्यूटी यांची ओळ मात्र जिंकलेल्या दिवशीही निमूट वजा होत होती. एकूण रक्कम पडद्यावर आली. तो बराच वेळ बघत राहिला. ताईला मीच सांगायचं असं ठरलं. म्हणजे माझ्या गळ्यात पडलं.

“मामा,” तो जरा वेळाने म्हणाला, “ही तर नुसती बेरीज होती. कॅल्क्युलेटरवर झाली असती.”

“झाली असती,” मी म्हणालो, “पण आलेख आला नसता. बघ, रंगही बदलता येतो.”