इस्लापूर सर्कल आणि अनंत पृथ्व्या

विश्व बुडायचं असलं की ते न्यूयॉर्कलाच बुडतं, ही सुपरहिरोंच्या कॉमिक्सबद्दल माझी जुनी तक्रार आहे. पृथ्व्या म्हणे अनंत, पण एकीवरही किनवट तालुका दिसत नाही. १९८५ साली डीसीवाल्यांनी ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’मध्ये विश्वांमागून विश्वं पुसून टाकली. त्यात आमचं गाव इस्लापूर गेलं की राहिलं, एवढं कळवण्याचं सौजन्यही कुणी दाखवलं नाही.

मार्व्हलनं २०१८च्या ‘इन्फिनिटी वॉर्स’मध्ये तर कहरच केला. गामोरा नावाची बाई मणी हाती येताच अख्खं विश्व मधोमध दुमडते आणि माणसं एकमेकांत मिसळतात. कॅप्टन अमेरिका आणि डॉक्टर स्ट्रेंज मिळून ‘सोल्जर सुप्रीम’, आयर्न मॅन आणि थॉर मिळून ‘आयर्न हॅमर’. पु. ल. आणि मी मिळून एक लेखक निघाला तर मराठीचं भलं होईल, असं मी घरात बोललो. बायको म्हणाली, “कुणालाबी मिसळा. त्याच्या ध्यानात दळण आणायचं राहिलं म्हणजे झालं.”

खरं तर आमचं विश्व एकदा दुमडून झालंय, तेही मण्यांशिवाय. १ नोव्हेंबर १९५६च्या आधी इस्लापूर हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यात होतं. राज्य पुनर्रचना कायद्यात आमचा नावानिशी उल्लेख आहे: बोथ तालुक्यातलं इस्लापूर सर्कल. किनवट आणि राजुरा हे तालुकेच्या तालुके आले, पण त्या जिल्ह्यातून सर्कल म्हणून वेगळं कापून आणलेले आम्हीच! संसदेनं नाव घेतलेलं गाव आहे, चेष्टा नाही. पाहुण्यांना मी हे चहाच्या आधी सांगतो, कारण चहा झाला की ते उठतात.

आता दुसरं विश्व बघा. लेखणी जरा अलीकडून फिरली असती, तर इस्लापूर आंध्रात आणि २०१४पासून तेलंगणात असतं. तिथला मी तेलुगूत लिहितो. चौकात त्याचे फ्लेक्स लागतात, हैदराबादला त्याचे सत्कार होतात, शालींना कपाट पुरत नाही. पुतण्याला हे रंगवून सांगितलं तर म्हणाला, “काका, तिकडचे काकाबी हेच सांगायले असतील, महाराष्ट्रात असतो तर लई मोठा झालो असतो म्हणून.”

या पोराला कॉमिक्स आणून देणं बंद केलं पाहिजे.

त्याच १ नोव्हेंबरला नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबीर ही सर्कलं उलट दिशेनं गेली. माझी मोठी आत्या भैंशाला दिलेली. लग्नात ती आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेड जिल्ह्यात गेली, आणि पुढे बसल्या जागी ती आदिलाबादची झाली, आम्ही नांदेडचे. “मी तं चुलीपुढून उठले बी नाही,” ती म्हणायची. नातवंडं तेलुगू शाळेत शिकली. ती गेल्यावर तिच्या पेटीत माझ्या वडिलांची पत्रं निघाली. नातवानं फोटो काढून मला पाठवले, यात काय लिहिलंय ते सांगा म्हणून. म्हैस व्याली, पारडी झाली, दिवाळीला दोन दिवस आधी ये. एवढंच. फोनवर त्याला वाचून दाखवताना माझ्यातला विनोदी लेखक कुठं गेला होता, कोण जाणे.

भाषावार राज्यं व्हायलाच हवी होती, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण सर्कलं कापणाऱ्यांनी आत्याला विचारलं नाही, याचा राग अजून जात नाही. कॉमिक्समध्ये विश्वं फाटली की सांधायला हिरोंची झुंबड उडते. भैंशाच्या वाटेवर तेव्हा कुणी उडत आल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा मार्व्हल-डीसीवाल्यांना विनंती, की पुढच्या खेपेला विश्व मोडायला काढाल तर आमच्याकडे सहस्रकुंडला या. पैनगंगेचा धबधबा आहे, एका काठाला मराठवाडा, दुसऱ्याला विदर्भ. दोन विश्वं आयतीच तयार आहेत. फक्त पावसाळ्यात या. हिरो शोधायची गरज नाही, मी आहे. अट एकच: चड्डी मी पँटच्या आतच घालीन.