फेंडरकापू

खिसेकापू दुसऱ्याचा खिसा कापतो. फेंडरकापू स्वतःच्याच गाडीचं मडगार्ड कापतो आणि वर चार जणांना बोलावून दाखवतो. एवढा फरक सोडला तर दोघांचं म्हणणं एकच असतं: यात आपला एक पैसा गेला नाही.

ही जात नाशिकच्या पंचवटीतच का फोफावली, याचं मला नवल वाटत नाही. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथेच कापलं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुढे आलेलं काही दिसलं की छाटावं, हा इथल्या पाण्याचाच गुण. शिवाय त्याची लाडकी थार गाडी तयार होते ती नदीपलीकडे सातपूरला, महिंद्रच्या कारखान्यात. तिकडे इंजिनियर मंडळी डोकं खाजवून चाकावरची कमान ठरवतात आणि इकडे पेठ नाक्याजवळच्या गाळ्यात आमचा फेंडरकापू तीच कमान बोटांनी मोजून म्हणतो, "दोन सूत जास्तच ठेवलंय यांनी."

त्याला सगळे भाऊ म्हणतात. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, राहणार हिरावाडी. गाडी २०१० साली निघालेल्या जुन्या थारच्या पिढीतली, अर्थात सेकंडहँड. गाडीच्या मागे कुदळ, फावडं, दोरखंड आणि एक जॅक असतो. डोंगरात अडकलो तर म्हणून. या सामानाचा आजवर झालेला उपयोग म्हणजे शेजारच्या मांडवाचे खांब रोवले गेले.

दुखणं सुरू होतं टायरपासून. एखादा मित्र गाडी विकतो, त्याचे निम्मे झिजलेले जाड टायर भाऊंना जवळजवळ फुकट मिळतात. कंपनीचा टायर २३५/७०, हा २६५/७५. रिम तीच, १६ इंची. हिशेब केला तर चाकाचा व्यास ७३५ मिलिमीटरवरून ८०४ वर जातो. ६९ मिलिमीटर वाढले खरे, पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम ३४. उरलेली निम्मी वाढ वर कमानीत घुसते. सरळ रस्त्यावर काही कळत नाही. मालेगाव स्टँडचा उतार उतरून स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, त्यात खड्डा आला, की आतून 'खर्रर्र' असा आवाज येतो आणि शेजारी बसलेल्या वहिनी म्हणतात, "फुकट मिळालं ना? मग बोंबलणारच."

आता सरळ माणूस जुने टायर परत बसवील. पैसेवाला लिफ्ट किट घालून गाडी उंच करील. भाऊंच्या मते लिफ्ट किट हा शुद्ध श्रीमंती रोग आहे. पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार कसून थोडी उंची फुकटात मिळवता येते, तेही त्यांनी करून पाहिलेलं असतं. त्याने गाडी नाक वर करून उभी राहिली, पण चाकाला खड्ड्यात उतरायला वावच उरला नाही आणि आईंच्या मणक्याने पंचवटी कारंजावरच संप पुकारला. तेव्हा भाऊ मूळ सिद्धांतावर आले: "गाडी उचलायची कशाला? आड येतं ते काढून टाकायचं."

आणि इथे, कितीही हसू आलं तरी, भाऊंचं एक म्हणणं खरं आहे. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्यही वर जातो आणि आडव्या उतारावर ती कलंडायला सोकावते. पत्रा कापला तर टायरने उचलली त्यापुढे गाडी चढत नाही आणि चाक मात्र मोठं मिळतं. दगडधोंड्यात हिंडणारे जगभरचे जीपवाले याच कारणाने कमानी छाटतात. फरक एवढाच की ते दगडधोंड्यात हिंडतात.

कापण्याचा सोहळा रविवारी. सिंहस्थ कुंभमेळा २०२७ चा, त्यामुळे रस्ते उकरणं चालूच असतं आणि उकरलेल्या रस्त्याकडेचा मोठा दगड सहज मिळतो. त्यावर पुढचं एक चाक चढवायचं, म्हणजे ते कमानीत पुरतं दाबलं जातं. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं आणि टॉर्च घेऊन बघायचं, कुठे घासतंय. घासलेली जागा पोराच्या खडूने आखायची. कडेची प्लास्टिकची पट्टी काढायची, बॅटरीची तार सोडायची, काचेवर ओलं गोणपाट टाकायचं. कारण ग्राइंडरची ठिणगी काचेत रुतली की तो ठिपका जन्मभर निघत नाही. एवढी सगळी काळजी भाऊ घेतात. फक्त कुठे थांबायचं, हे त्यांनी ठरवलेलं नसतं.

डेंटर जुना माणूस. चार इंची ग्राइंडर हातात धरून तो शेवटचा प्रयत्न करतो. "भाऊ, पत्रा चांगला आहे हो."

"म्हणून तर आत्ता कापायचा. गंजल्यावर काय कापणार?"

चकती फिरते, ठिणग्या उडतात, गल्लीतली पोरं टाळ्या वाजवतात. पत्र्याचा कोयरीएवढा तुकडा पडतो. चाक फिरवून पाहावं तर अजून घासतंय. "आणखी एक सूत." पुन्हा ठिणग्या. "आता बघ." आता मागच्या कोपऱ्यात घासतंय. असं सूत-सूत करत डावी बाजू संपते. उजवीसाठी वर्तमानपत्राच्या पुरवणीचा साचा कापलेला असतो, पण मधल्या वेळात कोणीतरी त्यात भजी गुंडाळून आणतं. उजवी बाजू मग नजरेने होते. समोरून पाहिलं की गाडी एक भुवई उडवून बघतेय असं वाटतं. भाऊंकडे उत्तर तयार: "ड्रायव्हरच्या अंगाला वजन जास्त असतं, म्हणून मुद्दाम."

मग चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला सुरू होतो. कापलेली कड ब्लेडसारखी, म्हणून रबराची बीडिंग. बीडिंगखाली गंज नको म्हणून प्रायमर. प्रायमर राखाडी आणि गाडी लाल, म्हणून टचअप. टचअपचा लाल वेगळा, म्हणून सगळंच मॅट काळं. चाक मोठं झाल्याने स्पीडोमीटर मागे पडतो: काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी पासष्टच्या पुढे असते. भाऊ याला मायलेजमध्ये झालेली बचत समजतात. पावसाळ्यात सगळा चिखल दारावर, आरशावर आणि शेजारून जाणाऱ्या स्कूटीवाल्या मावशींवर. मावशी जे बोलतात ते इथे छापता येणार नाही.

राहता राहिला कायदा. आरटीओचं ऑफिस पेठ रोडलाच, म्हणजे पंचवटीतच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेली रचना परवानगीशिवाय बदलू देत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. भाऊंना हे कोणीतरी मिसळ खाताना वाचून दाखवलं. भाऊंनी पाव खाली ठेवला. "चार चाकं म्हणजे चार बदल धरतात की एक?" चार धरले तर वीस हजार. फुकटच्या कामाला एवढी किंमत येऊ शकते, हे त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तेव्हापासून रामशेज किल्ल्यावर जायचं तरी ते पेठ रोड सोडून म्हसरूळवरून जातात.

जातात म्हणजे वर्षाकाठी एकदा. बाकी वेळ गाडी मार्केट यार्डातून कोथिंबिरीच्या जुड्या आणते. गोदेला पूर आला आणि पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं, की भाऊ दोरखंडासह गंगेवर, म्हणजे गोदेच्याच घाटावर, हजर होतात, कोणी बुडत असेल तर ओढायला. कोणी बुडत नाही. लोक चाकाजवळ उभे राहून फोटो काढतात आणि टायर केवढ्याला पडले ते विचारतात.

"फुकट," भाऊ सांगतात.

हल्ली ते गाडी विकायची म्हणतात, नवीन थारवर डोळा आहे. तेव्हा एमएच १५ पासिंगची जुनी, मॅट काळी थार स्वस्तात मिळतेय असं कोणी सांगितलं, तर सौदा करण्याआधी चाकावरच्या कमानीच्या आतून बोट फिरवा. रबराची बीडिंग लागली तर ती थोडी उचकटून पाहा. खाली गंज असेल तर वीस हजार कमी करूनच बोला.