दोन पावलं मागे

फोटोग्राफीची हौस असलेल्यांत एक पंथ फोटो काढणाऱ्यांचा, दुसरा फोटो 'बघून देणाऱ्यांचा'. आमचे काका दुसऱ्या पंथातले. रविवारी सकाळी पुण्याच्या मंडईत गळ्यात कॅमेरे अडकवून हिंडणारी जी टोळकी दिसतात, त्यांतल्या एका टोळक्याचे ते परीक्षक. त्यांना कुणी नेमलेलं नाही, त्यामुळे काढताही येत नाही.

काका लेखापरीक्षणातून निवृत्त झाले. वह्या गेल्या, पण आक्षेप नोंदवायची सवय राहिली. पूर्वी ते फोटो बघून 'भिकार' एवढंच म्हणत आणि विषय संपे. मग सुनेनं त्यांना समजावलं की टीका विधायक असावी. आधी चांगलं बोलावं, मग सूचना करावी, शेवटी पुन्हा चांगलं बोलावं. तेव्हापासून त्याच 'भिकार'ला पंचवीस मिनिटं लागतात आणि चहा दोनदा सांगावा लागतो.

चांगलं काय बोलायचं, ही त्यांची खरी अडचण. 'भोपळा फार सुरेख आलाय,' ते म्हणतात. भोपळा मुळातच सुरेख असतो, त्यात फोटो काढणाऱ्याचं काही नसतं, हे दोघांनाही ठाऊक. मग 'फक्त एक छोटीशी सूचना' येते. ती झाली की दुसरी छोटीशी. आणि पुढच्या रविवारी पूर्तता दाखवावी लागते.

बरं, माणूस अडाणी असता तर सोपं होतं. एकदा एका मुलानं भाजीवाल्या आजींचा फोटो दाखवला. आम्ही सगळे म्हणालो, आजी आजारी वाटतात. काका म्हणाले, 'आजी ठणठणीत आहेत. वर हिरवी ताडपत्री आहे, तिच्यातून आलेला उजेड गालावर पडलाय. आजींना हातभर पुढे सरकायला सांग, नाहीतर तू आत जा. दारातून तिरपं ऊन येतं, तिथं कुणीतरी बसलेलं असतंच.' मुलगा गेला आणि फोटो खरोखर सुधारून आला. त्या एका आजींमुळे आम्हाला काकांना गप्प बसा म्हणायची सोय उरलेली नाही.

त्यांच्या खिशात लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यातून कापलेले दोन काटकोन असतात. एकाच्या कडेला अजून 'आपले नम्र' वाचता येतं. कागदावर फोटो छापत होते त्या काळी हे काटकोन समोरासमोर ठेवून, आतबाहेर सरकवून, कुठे कापायचं ते ठरवत. रीत उत्तम. पण फोनवर काटकोन ठेवला की बोट लागून फोटो सरकतो. एकदा मिरच्यांच्या ढिगावरून असा सरकून गाडीच्या विम्याची पावती समोर आली. काकांचा चष्मा कपाळावर होता. 'उजवीकडची मोकळी जागा झकास,' ते म्हणाले, 'पण डावीकडे गर्दी फार झालीय.' पावतीबाबत ते खरं होतं, म्हणून कुणी दुरुस्ती केली नाही.

काकांच्या मते विधायक सूचनांची परंपरा मंडईला पहिल्यापासूनच आहे. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते, तेव्हा या इमारतीवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. कुणी ऐकलं नाही. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं मंडई सुरू झाली आणि पुढे तिलाच फुल्यांचं नाव दिलं गेलं. 'ऐकत नाहीत,' काका म्हणतात, 'पण नाव देतात.' फुल्यांचा मुद्दा शाळांचा होता आणि काकांचा मिरच्यांचा, हा फरक त्यांना किरकोळ वाटतो.

सगळ्या फोटोंना लागू पडणारी त्यांची सूचना एकच: 'दोन पावलं मागे जायला हवं होतंस.' मंडईत हे म्हणणं सोपं. मागे एक तर टोपली असते, नाहीतर हमाल. अष्टकोनी मनोरा अर्धाच आलाय म्हणून परवा त्यांनी एका मुलीचा कॅमेरा घेतला, डोळ्याला लावला आणि प्रात्यक्षिक दाखवायला स्वतः दोन पावलं मागे गेले. दुसरं पाऊल मेथीत पडलं.

मेथीवालीनं अभिप्राय दिला. मंडई विद्यापीठाची पदवी काय असते ते पुण्यात सगळे जाणतात. इथे छापता येईल असं त्यात 'डोळे' आणि 'म्हाताऱ्या' एवढंच होतं. काका शांतपणे चपलेला चिकटलेली पानं काढत होते. तिचं संपल्यावर म्हणाले, 'बाई, मुद्दा बरोबर आहे तुमचा. पण सुरुवात काहीतरी चांगलं बोलून करायची.'

'मेथी चांगली होती,' ती म्हणाली. 'चार जुड्यांचे पैसे काढा.'

काकांनी पाकीट काढलं, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि जुड्या एकेक उचलून उजेडात धरल्या. 'तीनच,' ते म्हणाले. 'ही चौथी आधीपासूनच चेपलेली आहे. त्या मुलीच्या फोटोत दिसेल.'