दाजींचा गाडा

सायकलच्या प्रत्येक टीमला एक माणूस असा असतोच, जो स्वतः सायकल चालवत नाही आणि बाकीच्यांना ती चालवता येत नाही असं ज्याचं ठाम मत असतं. तुमच्याकडे तो व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन असेल, नाहीतर गुडघ्याचं निमित्त सांगून नुसता घड्याळ धरून उभा राहणारा असेल. आमच्या काष्टीत ते काम दाजी करतात.

दाजी माझ्या एकट्याचे नव्हेत, सगळ्या गावाचे. भीमेच्या पलीकडून, पुणे जिल्ह्यातून, बैलांच्या व्यापाराला शनिवारच्या बाजारात यायचे. बाजार उठला तरी हे काही उठेनात. शेवटी आमच्याच गल्लीतली मुलगी करून इथंच राहिले. तेव्हापासून गावातला झाडून सगळा पुरुषवर्ग त्यांचा मेव्हणा. गावच्या जावयाला उलट बोलायची पद्धत नाही. या पद्धतीचा दाजींनी जेवढा फायदा घेतला, तेवढा एखाद्या साखर कारखान्याच्या संचालकानं खुर्चीचाही घेतला नसेल.

दाजींच्या खांद्यावर एक टॉवेल असतो. तो घाम पुसायला नसतो. बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांनी हातात हात द्यायचे, वर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती जमलेल्या दलालांना आणि रिकामटेकड्यांना फक्त दोन गंभीर चेहरे दिसतात. दाजींचं आयुष्य त्यात गेलं, आणि आता कुठलीही महत्त्वाची गोष्ट झाकल्याशिवाय त्यांना सांगताच येत नाही. मुलीच्या लग्नात पंगतीला पानं किती धरायची, हे त्यांनी व्याह्यांना टॉवेलाखाली सांगितलं. व्याही बाजारातले नव्हते, शाळामास्तर होते. मुलीच्या बापानं गहिवरून हात धरला असं समजून त्यांनी डोळे पुसले. पानं मात्र कमी पडली.

हा माणूस सायकलीत कसा शिरला, त्याचं मूळ दिल्लीत आहे. दाजी बैलगाड्यांचे शौकीन. गाड्याला चार बैल, पुढं जुकाटाला दोन, मागं धुरेला दोन, त्यांच्याही पुढं घोडी. घाटात गाडा सुटला की लाऊडस्पीकरवरून ‘भिर्रर्रर्र’, आणि बारा-तेरा सेकंदांत सगळा खेळ खलास. त्या बारा-तेरा सेकंदांसाठी वर्षभर दूध, अंडी, उडदाचं पीठ. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी घातली आणि दाजी एकदम रिकामे झाले. रिकामा दाजी फार वाईट. वर्षभर त्यांनी गावातल्या भजनी मंडळात जोड्या लावून बघितल्या. टाळकरी कुणाशेजारी, पखवाजवाला कुणामागं. मंडळ फुटलं.

मग २०१५ साली नाशिकच्या डॉक्टर भावांची बातमी आली. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या दोघांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पुरी केली. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडपासून मेरीलँडमधल्या ॲनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. दोघांच्या टीमला नऊ दिवसांची मुदत, आणि त्यांनी ती मुदतीच्या आत संपवली. भारतीय टीमनं ही शर्यत पुरी करायची ती पहिलीच वेळ. एकानं चालवायची, दुसऱ्यानं गाडीत पडायचं, मग बदली. आम्हाला त्यातली जिद्द वगैरे दिसली. दाजींना वेगळंच दिसलं.

“जोडी!” ते म्हणाले. “सख्खे भाऊ हायेत. एका गोठ्यातली जोडी. एक जुवाखाली, एक दावणीला. हे लागतंय, मेव्हणं!”

मोबाईल दुकानवाल्या मेव्हण्यानं मग त्यांना दक्षिण आफ्रिकेतल्या ‘केप एपिक’चा व्हिडिओ दाखवला, तिथं पुढचं सगळं बिघडलं. ती खरी डोंगरातली शर्यत. २००४ पासून चालू आहे, आठ दिवस, दोघांची टीम. आणि नियम असा की दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, पडलं तर दंड. दाजी तो नियम ऐकून खुर्चीतून उठलेच. गोऱ्या लोकांना एवढी बैलांची समज असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरावाला दोन सायकली कासऱ्यानं एकमेकींना बांधल्या. पुढच्यानं ब्रेक मारला आणि दोन्ही मेव्हणे एकाच वेळी कालव्यात गेले. अंतर शून्य.

आता काष्टीत माऊंटन बाईक म्हणजे मुळातच गंमत. काळी जमीन, ऊस, कालवा आणि दौंडहून मनमाडकडे जाणारी रेल्वे, हा आमचा भूगोल. डोंगर औषधाला नाही. तालुक्यातला पेडगावचा किल्लासुद्धा भुईकोट. वेड पांघरून पेडगावला जातात म्हणतात, आमचे दाजी वेड पांघरून रोज सकाळी कालव्याच्या भरावावर जायचे आणि चौघांना खालून वर, वरून खाली पळवायचे. चौघे म्हणजे दूधगाडीचा ड्रायव्हर, मोबाईल दुकानवाला, कृषी महाविद्यालयातला एक पोरगा आणि मी. गाड्याला चारच लागतात. पोरगा आणि ड्रायव्हर पुढं जुकाटाला, दुकानवाला आणि मी धुरेला. धुरेला म्हणजे ओझं सांभाळणारे, हे मला बऱ्याच उशिरा कुणीतरी सांगितलं.

एक सायकल जुनी घ्यायची ठरली. हिंजवडीला आयटीतला एक गृहस्थ आपली हार्डटेल विकत होता. पुढं सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, एकोणतीस इंची चाकं, अजून टायरवरचे केसही गेले नव्हते. दाजींनी आधी सायकलीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, मागच्या चाकावर थाप मारली, चालवून नाही तर हातात धरून चालायला लावून बघितली. मग न बोलता त्या गृहस्थाचा हात धरला आणि वर टॉवेल टाकला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, सुरक्षारक्षकासमोर. आत काय झालं ते आम्हाला दिसलं नाही, पण त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. “सर, ऑनलाइन प्राइस लिहिलीय ना,” तो एवढंच म्हणाला. दाजींनी पुन्हा बोटं दाबली. शेवटी हात सुटावा म्हणून त्यानं तीन हजार कमी केले आणि वर हेल्मेट दिलं. परतीच्या वाटेवर दाजी खूश. “मानूस दिलदार, पण बाजार कळत नाय त्याला.”

पहिली मोठी शर्यत पुण्याच्या पश्चिमेला डोंगरात होती, चौघांच्या टीमची रिले. अशी रिले १९९२ साली अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात सुरू झाली, ती चोवीस तासांची. आमच्या वाट्याला अर्धीच होती, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. चौघांपैकी एकानं फेरी मारायची, घोट्याला बांधलेला चिपचा पट्टा पुढच्याला द्यायचा, बारा तासांत ज्यांच्या फेऱ्या जास्त ते पुढं. पुण्याच्या टीम मोटारींच्या मागं कॅरिअर लावून आलेल्या, सायकली अशा चकचकीत की हात लावायची भीती वाटावी. आम्ही दाजींच्या पिकअपमधून उतरलो. गुरुवारी तिच्यातून दोन खिलारी गेले होते. तळाशी कडबा होता, इतरही काही होतं. सायकलींचे हँडल दाव्यानं बांधलेले, गाठ अशी की सोडवायला दाजीच पाहिजेत. शेजारच्या तंबूतल्या मुलीनं नाक दाबलं आणि विचारलं, “हे काही ऑर्गॅनिक आहे का?”

सुरुवातीच्या आधी दाजींनी चौघांना एक-एक उडदाचा लाडू दिला, पुढच्या चाकांवर भंडारा टाकला आणि मग डावपेच सांगायला घेतले. अर्थात टॉवेलाखाली, कारण शेजारी पुण्याचे लोक उभे होते, ते ऐकतील. प्रत्येकाचा हात धरून त्यांनी तीन बोटं दाबली आणि अर्थपूर्ण मान हलवली.

तीन म्हणजे काय, यावर आमची टीम बारा तास भांडली. ड्रायव्हर म्हणाला, तिसरा गिअर. पोरगा म्हणाला, प्रत्येकी सलग तीन फेऱ्या, आणि तो खरंच तीन मारून आला, बिचारा उलटी करत. दुकानवाल्याचं म्हणणं, तिसऱ्या फेरीला जोर लावायचा. दाजींना विचारायची सोय नव्हती, विचारलं की ते इकडंतिकडं बघायचे आणि पुन्हा टॉवेल काढायचे. बदलीच्या वेळी एकेक सेकंद मोलाचा असतो. आमच्या बदलीत टॉवेल पसरायचा, बोटं दाबायची, टॉवेल झटकून खांद्यावर टाकायचा, एवढ्यात शेजारच्या टीमचा गडी पहिलं वळण ओलांडून गेलेला असायचा. घाटात बारा सेकंदांसाठी जीव टाकणारा हा माणूस इथं एका बदलीला चाळीस घालवत होता.

मध्यरात्रीनंतर डोंगरात असं काही नसतं की ज्याचं कौतुक करावं. पाठीचा कणा वेगळा बोलतो, गुडघे वेगळे. हातांना ब्रेक लागत नाहीत, नुसती बोटं लागतात. माझ्या फेरीत लाईटची बॅटरी मिणमिणायला लागली. मधे एक दगडी चढ होता, तिथं सगळेच उतरून सायकल ढकलत होते. मी उतरलो, ढकलायला लागलो आणि ठरवलं की वर पोचलो की हा नाद सोडायचा, शाळा, घर आणि संध्याकाळी पारावर बसणं यात वाईट काही नाही. तेवढ्यात वरच्या वळणावर बॅटरी चमकली. दाजी. तंबूपासून त्या चढापर्यंत वाट अशी की तरुण माणसानंही विचार करावा, हे चपला घालून आलेले. कुणाला हात लावायचा नाही हा नियम त्यांना आयोजकांनी दोनदा बजावला होता, म्हणून ते वाटेच्या बाहेर, झुडपात उभे. प्रकाश माझ्या पुढच्या चाकासमोर धरलेला. आणि खाली तंबूत लोक झोपलेत, त्यांची झोपमोड नको म्हणून अगदी हळू, कानात सांगावं तसं, “भिर्रर्रर्र.”

मी चढलो. दुसरा इलाजच नव्हता, गावचा जावई बघत होता.

सकाळी निकाल लागला. आम्ही खालून तिसरे. आम्ही चौघं खाली माना घालून बसलो, तर दाजी तीन बोटं नाचवत आले. “मी संध्याकाळीच सांगितलं व्हतं ना?”

परत आल्यावर दाजींच्या घरी चहाला गेलो तेव्हा त्यांची बायको, आक्का, सहज बोलून गेल्या, “कालचा बाजार बुडवला बगा ह्यांनी. सासरा वारला तेव्हाबी संध्याकाळी का होईना, बाजारात जाऊन आलते.” शनिवार. बैलाच्या व्यापाऱ्याचा शनिवार बुडणं म्हणजे आठवडाच बुडणं. दाजींनी कपातला चहा बशीत ओतला, फुंकला आणि म्हणाले, “बाजाराला काय धाड भरलीय, दर शनिवारी भरतोय.”

आक्कांनीच मग एका बैलाची गोष्ट सांगितली. बंदी आली तेव्हा दाजींच्या गोठ्यात एक चौसा खोंड होता, घाटासाठीच तयार केलेला. अजून एकदाही जुंपला नव्हता. बंदी उठेल म्हणून एक वर्ष सांभाळला, दुसरं सांभाळला. अंडी, दूध, उडीद, सगळं चालू. मग एका शनिवारी काष्टीच्याच बाजारात उभा केला. गिऱ्हाईक आलं, हात पुढं केला, दाजींनी टॉवेल काढलाच नाही. “तुमीच सांगा,” एवढं म्हणाले. त्यानं चारचौघांत तोंडानं जो आकडा सांगितला, त्या आकड्याला देऊन टाकला. आक्का म्हणाल्या, लोक बघतच राहिले.

२०२१ च्या डिसेंबरात न्यायालयानं महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली. गावानं गृहीत धरलं की आता आमचा गाडा मोडला, दाजी चालले घाटात. गेलेही. बक्षिसाला जेसीबी आणि बोलेरो लावलेल्या, बॅनरवर बैलांपेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे. दुपारीच परत आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, “घाट चांगला व्हता. ऊन लय.” आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालव्याच्या भरावावर हजर. पुढच्या साली लम्पीनं गुरांचे बाजार बंद पडले तेव्हा तर शनिवारसुद्धा मोकळे, आमचं जगणं हराम.

परवा हिमाचलातल्या डोंगरात जायचा बेत निघाला. दाजींनी टीम जमवायला घेतली. डेअरीवर काम करणारा एक नवा पोरगा त्यांनी भरावावर आणला, त्याला दोन चढ मारायला लावले आणि जबडा धरून दात बघितले. पोरगा हसला. दाजी हसले नाहीत. मग माझ्याकडं वळले, मला थोडं बाजूला घेतलं आणि खांद्यावरचा टॉवेल काढला. मी हात पुढं केला. त्यांनी बोट दाबलं नाही, टॉवेल तसाच माझ्या खांद्यावर टाकला.

“मेव्हणं, तुमी आता जुळला,” ते म्हणाले. आठी दात आले, वाढ संपली, बैल जुळला. “वाईट वाटून घेऊ नगा. जुळलेलं जनावर ऊस वढायला एक नंबर. पंप, ट्यूबा आन् लाडवाचा डबा आता तुमच्याकडं.”

डबा मोठा आहे. उडीद मीच दळून आणायचा, असंही ठरलंय.