बारा व्होल्टांचे सीमोल्लंघन

ज्या गावाच्या क्षितिजावर देवळाच्या कळसाशेजारी वीजकेंद्राच्या चिमण्यांनीही कायमचे ठाणे मांडले आहे, ज्याच्या उच्चदाब वाहिन्यांखालून पावसाळी हवेत चालू लागले की डोक्यावर मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखी गुणगुण ऐकू येते, आणि जेथील एकेका नव्या संचाची क्षमता 660 मेगावॅट आहे, त्या कोराडीत राहून एका गृहस्थाला बारा व्होल्ट विजेपायी तीन दिवस घरात कोंडून पडावे लागले, असे सांगितले तर परगावचा मनुष्य सांगणाराच्या सचोटीविषयीच संशय घेईल. तो गृहस्थ मीच असल्यामुळे साक्षीपुराव्याची अडचण नाही. पुढील जबानी मी स्वखुशीने आणि शुद्धीवर असताना देत आहे.

माझी हयात वीजकेंद्राच्या हिशेब खात्यात गेली. वीज हा पदार्थ मला कागदावर उत्तम ओळखता येतो. प्रत्यक्षात तिची माझी भेट दिव्याच्या बटनापलीकडे कधी झाली नाही. तरीही निवृत्तीच्या आधी काही वर्षे मी एका ठेकेदाराकडून 1977 सालची अँबॅसडर, मार्क 3, विकत घेतली. तिचा जन्म बंगालमधील उत्तरपाड्याचा, कूळ मात्र इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डचे; इंजिन 1489 सीसीचे, बांधा पुरणपोळीवर पोसलेल्या मामलेदाराचा. 2014 साली कारखान्याने ही गाडी काढणे बंद केले, तेव्हा आमच्या घरी सुतकाची कळा यावी अशी माझी अपेक्षा होती, परंतु आमच्या सौभाग्यवतींनी वर्तमानपत्र खाली ठेवून एवढेच विचारले, की "मग आता आपलीही बंद होईल ना?" कोराडीची जगदंबा सकाळी बालिका, दुपारी युवती आणि सायंकाळी वृद्धा अशी तीन रूपे धारण करते, अशी भक्तांची श्रद्धा आहे. आमच्या गाडीने तिन्ही प्रहरी तिसरेच रूप पत्करले आहे, असे सौभाग्यवतींचे मत.

ते मत खोडून काढावे या दुर्बुद्धीने मी यंदा नवरात्राच्या आधी गाडीला रंग काढून घेतला. नुसता बाहेरून नव्हे. बोनट उघडले की आतल्या कोपऱ्यांत जो तपकिरी गंज दिसे तो माझ्या डोळ्यांत सलत असे. म्हणून "गंजाचा कण म्हणून कोठे दिसता कामा नये" असा सक्त हुकूम मी रंगाऱ्यास दिला होता, आणि त्या इमानी माणसाने हुकमाची तामील अक्षरशः केली. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. मी ठेवली नाही.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबे ठेवली, नारळ फोडला. धंतोलीस मेहुणीकडे सोने द्यायला जायचे असल्यामुळे सौभाग्यवती पैठणी नेसून, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी घेऊन मागच्या आसनावर विराजमान झाल्या होत्या. मी किल्ली फिरवली. बोनटच्या आतून आवाज आला : टक्.

हा टक् ज्याने ऐकला नाही त्याला त्यातील निर्विकारपणाची कल्पना यावयाची नाही. बॅटरी मेली असता सेल्फ निदान कण्हतो, कुथतो, आपण काही यत्न करीत आहोत असा देखावा तरी करतो. हा टक् म्हणजे कचेरीतील कारकुनाने अर्ज न वाचताच त्यावर मारलेला शिक्का. मी पुनःपुन्हा किल्ली फिरवली; तितक्या वेळा अर्ज नामंजूर झाला. गंमत अशी की हॉर्न दाबावा तर तो गल्ली हादरवील इतका खणखणीत, आणि पुढचे दिवे लावावेत तर समोरच्या भिंतीवर दिवसाढवळ्या दोन चंद्र उगवत. चाकांखालची लिंबे दुपारपर्यंत अखंड होती.

अन्य गावी गाडी बंद पडली की चार माणसे ढकलावयास धावतात. आमच्या वसाहतीत ती निदान करावयास धावतात, आणि प्रत्येकाचे निदान त्याच्या खात्यास धरून असते. बॉयलरवर आयुष्य काढलेल्या एका सद्गृहस्थांनी पेट्रोलमध्ये पाणी असल्याचे छातीठोकपणे सांगितले. स्विचयार्डातले एक जण म्हणाले, रिले अडकला. कोळसा हाताळणी विभागातून निवृत्त झालेल्या एका वृद्धांनी काहीच न बोलता गाडीला एक लाथ मारून पाहिली, आणि मला तरी त्या दिवशीच्या उपायांत तीच सर्वांत प्रामाणिक वाटली.

शेवटी शेजारचे निवृत्त कार्यकारी अभियंते मल्टिमीटर घेऊन आले आणि तपासाला कायदेशीर स्वरूप आले. बॅटरीचा दाब भरला 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेल्या बॅटरीचा असावा तितका. तरीही संशयाला जागा नको म्हणून एका ट्रॅक्टरची बॅटरी उसनी आणून जोडली. टक्. मग सेल्फ उतरवला, तो अंगणात पायाखाली दाबून धरून बॅटरीशी थेट जोडला, तर तो वाघासारखा डरकाळी फोडून अभियंत्यांच्या पायाखालून निसटू लागला. पंचनामा असा झाला की बॅटरी निर्दोष, सेल्फ निर्दोष, मुद्देमाल जाग्यावर, आणि गुन्हा मात्र निर्विवाद घडलेला.

सेल्फ परत चढवीपर्यंत संध्याकाळ झाली. समोर चिमण्यांवरचे तांबडे दिवे लागले. मी, माझ्या जुन्या सवयीप्रमाणे, त्रैराशिक मांडले. सेल्फ फिरताना सुमारे 200 अँपिअर प्रवाह ओढतो आणि त्या वेळी बॅटरीचा दाब दहा व्होल्टांच्या आसपास उतरतो. म्हणजे काम झाले दोन किलोवॅटचे. समोरचा एक संच चालतो सहा लाख साठ हजार किलोवॅटवर. सबब तो एकटा तीन लाख तीस हजार अँबॅसडर गाड्यांचे सेल्फ एकाच क्षणी फिरवू शकेल. मला एकच फिरवावयाचा होता.

हे मी अभियंत्यांना बोलून दाखवले तेव्हा ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अहो, त्या संचालाही स्वतःचा सेल्फ नसतो!" आणि मग त्यांनी जे सांगितले ते मला इतकी वर्षे त्याच आवारात बसून ठाऊक नव्हते. औष्णिक केंद्र पुरते बंद पडले आणि सभोवारचे जाळेही अंधारात गेले, तर ते आपले आपण उठू शकत नाही. कोळसा दळणाऱ्या गिरण्या, हवा लोटणारे पंखे, बॉयलरला पाणी पुरवणारे पंप, सर्वांना आधी वीज लागते आणि मग त्यांच्या जिवावर वीज निर्माण होते. अशा वेळी बाहेरून, बहुधा जलविद्युत केंद्रातून, वीज आणून त्याला हात द्यावा लागतो. कारण पाण्याला नुसती वाट मोकळी करून दिली की ते चक्र फिरवते. इतकेच नव्हे, तर बंद केलेल्या टर्बाइनचा तापलेला दांडा एका जागी स्थिर ठेवला तर स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून तो निवेपर्यंत त्याला मंद गतीने फिरवीत ठेवावे लागते. आपल्या गुडघ्यांविषयी वैद्यांनी हेच सांगितले आहे, असे सौभाग्यवती आतून म्हणाल्या. एवढ्या अवाढव्य केंद्रालाही धक्का मारून सुरू करावे लागते, या वार्तेने माझे दुःख निम्मे झाले. गाडी मात्र होती तेथेच राहिली, आणि आमचे सीमोल्लंघन फाटकाच्या आतच पार पडले.

दुसऱ्या दिवशी एकादशी. मी डिक्कीतून हँडल काढले. सेल्फ हा शब्द ज्यांनी रूढ केला त्यांना हँडलची दहशत विस्मरणात गेली असावी. इंजिन उलटे फिरले की हे हँडल मनगट मोडीत असे, म्हणून जुने ड्रायव्हर अंगठा चारी बोटांच्या बाजूलाच ठेवून, हँडल खाली न दाबता वर ओढीत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग नावाच्या अभियंत्याने 1912 सालच्या कॅडिलॅक गाड्यांना विजेचा सेल्फ बसवून या संकटातून मानवजात सोडवली. हा केटरिंग त्यापूर्वी दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवीत होता, आणि क्षणभरच काम करावयाचे असेल तर लहान मोटरवरही मोठा भार टाकता येतो ही युक्ती त्याला तेथेच उमगली. म्हणजे सेल्फचा उगम शेवटी गल्ल्यातच आहे. हिशेब खात्याच्या मनुष्याला त्याने इतके छळावे हा कृतघ्नपणा झाला.

तिसऱ्या झटक्यालाच इंजिन सुरू झाले! रहस्य उलगडण्याऐवजी अधिक गडद झाले, कारण म्हाताऱ्याच्या हाताने जे उठते ते बॅटरीच्या जोराने का उठू नये, याचे उत्तर कोणापाशीच नव्हते. "हाताने होते ना, मग हातानेच करा," असा सौभाग्यवतींचा उपवासाच्या दिवशीचा रोखठोक निकाल. परंतु मानकापूरच्या चौकात इंजिन बंद पडल्यावर साठी उलटलेल्या इसमाने मागच्या वाहनांच्या हॉर्नांच्या गजरात खाली उतरून हँडल मारावे, हे दृश्य मला रुचेना. मी इंजिन बंद केले, आणि पुन्हा एकवार, आशा अमर असते म्हणून, किल्ली फिरवून धरली. टक्. शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींचा हात तेवढ्यात चोकच्या बोंडाला लागला.

"अहो, याला चटका का लागतो?"

मी म्हणालो, ऊन आहे. गाडी छपराखाली होती, हे त्यांनी दाखवून दिले. जळकट वासही येत होता. तो मी शेजारच्या फोडणीच्या खात्यावर घातला.

द्वादशीला कोराडी मार्गावरून एक ऑटो इलेक्ट्रिशियन आणला. वयाने तिशीच्या आतला, पायात स्लीपर, आणि सर्व सामग्री म्हणजे एक पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि टेस्ट लॅम्प. म्हणजे मागच्या दिव्याचा एक बल्ब व त्याला डकवलेल्या दोन तारा. मल्टिमीटरवाल्यांनी त्या बल्बाकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर वैद्य मंडळी मांत्रिकासाठी राखून ठेवतात. मी सर्व हकीकत सांगितली. त्याने ती ऐकली नाही. सौभाग्यवतींनी चोकच्या चटक्याचे सांगितले मात्र, तो ताडकन वळला.

"चोक गरम होते? कोन सांगतलं? काकूंनं? मग झालं ना काकाजी, आता कायले शोधायचं!"

तरी खातरजमा म्हणून त्याने बल्बाची एक तार बॅटरीच्या मायनसला टेकवली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, आणि मला किल्ली फिरवावयास सांगितले. टक् झाला, आणि बल्ब लखलखला. वस्तुतः ती दोन्ही टोके एकाच घरची. त्यांच्यामध्ये दिवा लागावा इतका दाब उरण्याचे कारणच नव्हते.

"काकाजी, तुमची वीज इंजिनात जाऊन राहिली, पन वापस कुठून येईन? जायची वाट हाये. यायची वाट तुमी रंगवून टाकली ना बावा!"

मग त्याने दाखवले. अँबॅसडरचे इंजिन रबराच्या गुटक्यांवर बसवलेले असते, आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन व गाडीचा सांगाडा यांना जोडणारी, विणलेल्या तांब्याची एक चपटी पट्टी असते. बॅटरीतून निघालेला प्रवाह सेल्फचे काम करून त्या पट्टीवाटे सांगाड्यात व तेथून मायनसला परततो. माझ्या रंगाऱ्याने ती पट्टी सोडली, खालचा गंज पुसला, मनापासून दोन हात रंग चढवला आणि त्या रंगावरच नट आवळला. हॉर्न आणि दिवे सांगाड्यावरच असल्यामुळे त्यांचे काही अडले नाही. इंजिनात ठिणगी पडण्यास तीनचार अँपिअर पुरतात, म्हणून हँडलने गाडी सुरू होई. दोनशे अँपिअरांना मात्र वाट हवी असते राजरस्त्याची, आणि तो बंद दिसताच त्यांनी चोकच्या बारीक तारेतून घुसण्याचा प्रयत्न केला. तीच तापून सौभाग्यवतींच्या बोटाला लागली. वाटेत ओहमचा विसावा हिस्सा विरोध निर्माण झाला तरी दोनशे अँपिअर दहा व्होल्ट तेथेच सांडून येतात. सेल्फच्या वाट्याला उरतो तो शिक्का.

ऐकता ऐकता मला घाम फुटला. चौतीस वर्षे मी जमाखर्च लिहिला. नावे पडलेली प्रत्येक रक्कम कोठे तरी जमा दिसलीच पाहिजे, या एका नियमावर मी हाताखालच्या किती कारकुनांना रडवले असेल. आणि माझ्याच बोनटखाली तीन दिवस नुसत्या नावेच्या नोंदी चालल्या होत्या, जमेची बाजू मी स्वतः हुकूम देऊन रंगवून घेतली होती! अभियंते मल्टिमीटरची वायर गुंडाळीत होते. चारशे किलोव्होल्टच्या आवारात अर्थिंग तपासल्यावाचून आम्ही पाऊल टाकत नव्हतो, असे ते कोणालाच उद्देशून म्हणाले नाहीत.

त्याने पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासून पांढरेशुभ्र लोखंड उघडे केले, पट्टी बसवली, नट आवळला. मी किल्ली फिरवली. गाडी अशी उठली, जणू दसऱ्यापासून ती फाटकात उभी राहून आमचीच वाट पाहत होती.

"चोकची तार नवी टाकून घेजा, ते जळली," तो म्हणाला. "पन्नास द्या."

मी शंभर दिले आणि त्याने पन्नास परत केले. त्या रात्री वहीत खर्च लिहिताना सदर काय घालावे याचा बराच वेळ निर्णय होईना. दुरुस्ती म्हणावे तर मोडलेले काहीच नव्हते. शेवटी 'अर्थिंग' असे लिहून समोर पन्नास मांडले, आणि रंगाऱ्याला दिलेली रक्कम वरच्याच ओळीत होती ती शक्यतो पाहिली नाही.

धंतोलीची सोने देण्याची वेळ टळून गेली होती. मेहुणी फोनवर जे बोलली ते येथे नमूद करण्याचे प्रयोजन नाही. "निदान देवीला तरी चला," सौभाग्यवती म्हणाल्या. म्हणून दिवेलागणीला आम्ही निघालो. देवळापाशी जागा पुष्कळ होती, सपाट, फाटकाच्या अगदी जवळ. मी दोन चकरा मारल्या, थोडा उतार हुडकला, आणि गाडीचे तोंड खालच्या बाजूला करून ती तेथे लावली. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. उतरताना त्यांनी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळून चोकला हळूच हात लावून पाहिला.